घरगुती संचायक घट, जुन्नर–आंबेगाव परिसरातील

विजेरी, रेडिओ, दिवे इ. घरगुती साधनांत वापरण्याचे व वीज संपल्यावर पुन्हा भारित करता येणारे विद्युत् घट. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत त्यांच्या प्रसारामागे रात्रीच्या उजेडाची गरज हे प्रमुख कारण आहे. बोलीत येथे ‘बॅटरी’ म्हणजे विजेरी आणि तिच्यातील घट म्हणजे ‘सेल’.

वीज पोहोचण्यापूर्वी घराबाहेर पडताना हाती कंदील असे. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील महाराष्ट्रात सर्वपरिचित होता. कोरड्या घटांच्या विजेरीने वाऱ्यापावसात विझणाऱ्या ज्योतीची अडचण दूर केली, पण सेलचा खर्च सुरू झाला. हे घट फ्रेंच शास्त्रज्ञ झॉर्झ लक्लांशे यांच्या १८६६ मधील घटावरून विकसित झालेले असून एकदाच वापरण्याजोगे असतात. मंदावलेले सेल उन्हात ठेवण्याची रीत घरोघर होती. उष्णतेने आतील रासायनिक विक्रिया काही काळ जलद होते एवढेच. घट भारित होत नाही.

१९७० नंतरच्या काळात कुकडी प्रकल्पातील येडगाव, वडज, माणिकडोह, डिंभे व पिंपळगाव जोगे ही धरणे पूर्ण झाली. पूर्वेकडील बागायत वाढून उसाचे क्षेत्र पसरले आणि दाट उसात बिबट्यास आसरा मिळाला. २००१ नंतरच्या काही वर्षांत माणसांवरील हल्ल्यांमुळे जुन्नर वनविभागाचे नाव देशभर झाले. माणिकडोह येथे बिबट निवारा केंद्र उभे राहिले. शेतीपंपांना मात्र वीज चक्राकार पद्धतीने, काही दिवस दिवसा व काही दिवस रात्री मिळत असे. रात्रीच्या पाळीत पाणी बदलण्यासाठी उसाच्या कडेने जाणाऱ्या शेतकऱ्यास विजेरी ही सोय न राहता जिवाची गरज झाली. दिवसा वीज मिळावी ही येथील शेतकऱ्यांची मागणी त्याच अनुभवातून आली आहे. पश्चिमेकडील डोंगराळ गावांत अडचण वेगळी : तेथे पावसाळ्यात वीजपुरवठा वारंवार खंडित होतो.

भिंतीवरील खुंटीत लावून भारित करावयाच्या स्वस्त विजेऱ्यांत प्रारंभी लहान, बंदिस्त शिसे–अम्ल घट असत. गास्ताँ प्लांते यांनी १८५९ मध्ये शोधलेला हा संचायकाचा सर्वांत जुना व्यावहारिक प्रकार होय. तो वीज संपलेल्या अवस्थेत पडून राहिल्यास पट्ट्यांवर शिसे सल्फेटाचे कठीण स्फटिक जमून क्षमता कायमची घटते. भारनियमनाच्या काळात नेमके हेच घडे. वस्तू स्वस्त, पण एका हंगामानंतर निकामी, हा तिचा लौकिक सर्वस्वी तिच्या निर्मात्याच्या दोषाने झालेला नव्हता. व्हाल्डेमार युंगनर यांच्या निकेल–कॅडमियम घटास (१८९९) ही व्याधी नसते. तथापि कॅडमियम विषारी आहे. १९८९ च्या सुमारास बाजारात आलेल्या निकेल–धातू हायड्राइड घटांनी त्याची जागा घेतली. हे घट नुसते ठेवले तरी महिन्याभरात बरीच वीज गमावीत. २००५ मध्ये जपानमध्ये निघालेल्या सुधारित प्रकारात ही गळती पुष्कळच कमी झाली. १९९१ पासून उपलब्ध झालेला लिथियम–आयन घट हलका असून तो आजच्या बहुतेक विजेऱ्यांत असतो. प्रकाश-उत्सर्जक डायोडाचे दिवे आल्यामुळे थोड्या विजेत पुरेसा उजेड मिळू लागला, हा बदलही घटांच्या सुधारणेइतकाच महत्त्वाचा आहे.

किफायतशीरपणा केवळ किंमतीवरून ठरत नाही. संचायक घट साध्या सेलच्या आठपट किंमतीचा व भारणयंत्राचा खर्च वेगळा धरला, तरी दर आठवड्यास सेलची जोडी बदलणाऱ्या घरात हा खर्च काही महिन्यांत भरून निघतो. भिंतीवरील घड्याळास साधा सेल वर्षभर पुरतो. तेथे संचायक घेण्यात लाभ नाही. निकेल घटाचा दाब १.२ व्होल्ट, तर कोरड्या घटाचा १.५ व्होल्ट असल्याने काही साधने त्यावर नीट चालत नाहीत. छापील क्षमता पारखून घ्यावी लागते. १८ मिमी. व्यासाच्या व ६५ मिमी. लांबीच्या लिथियम घटावर ९,९०० मिलिअँपिअर-तास असा आकडा आढळतो; या आकारमानाच्या चांगल्या घटाची क्षमता सु. ३,५०० असते. असा आकडा वाचून घेतलेली विजेरी मध्यरात्री बांधावर विझण्याचा संभव असतो.

निकामी शिसे–अम्ल घट भंगारवाला पैसे देऊन नेतो, कारण शिसे वितळवून पुन्हा वापरता येते. लहान घटांना असा भाव नसल्याने ते उकिरड्यावर व तेथून खतासोबत शेतात जातात. शिसे–अम्ल घटांबाबत २००१ मध्ये नियम झाले. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी सर्व प्रकारचे घट गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली.