पाळीच्या वेदना : हार्मोन रिपोर्ट नॉर्मल, तरी दुखणे खरेच

बेळगाव : ‘पाळीत दुखायचंच, लग्न झालं की थांबेल,’ असे सांगून मुलींना गप्प बसवले जाते. गरम पाण्याच्या पिशवीवर एखादा दिवस निभावत असेल तर काळजीचे कारण नाही. पण दर महिन्याला कॉलेज बुडते, शेतातली मजुरी बुडते, उलट्या होतात आणि गोळी घेऊनही उतार पडत नाही, तर ते दुखणे अंगावर काढण्यासारखे नाही. अशा वेळी काहीजणी थेट लॅबमध्ये जाऊन हार्मोनच्या सगळ्या तपासण्या करून घेतात. रिपोर्ट नॉर्मल येतो आणि घरचे म्हणतात, ‘बघ, काहीच नाही.’ गफलत इथेच होते.

दुखते कशामुळे?

पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाचे द्रव्य तयार होते. त्यामुळे गर्भाशय आकुंचन पावते आणि ओटीपोटात कळा येतात. हे सर्वसाधारण दुखणे. एंडोमेट्रिओसिसमध्ये अस्तरासारखाच थर गर्भाशयाच्या बाहेर, म्हणजे बीजांडकोशावर किंवा गर्भाशयाच्या मागच्या बाजूला वाढतो. हार्मोनच्या चक्राबरोबर तिथेही सूज येते, रक्तस्राव होतो आणि कालांतराने आतले अवयव एकमेकांना चिकटू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेनुसार जगात प्रजननवयातील सुमारे १० टक्के, म्हणजे जवळपास १९ कोटी महिला व मुलींना हा आजार आहे.

तपासणीतून काय कळते?

एंडोमेट्रिओसिस आहे की नाही हे हार्मोनच्या रक्त तपासणीवरून ठरत नाही. रक्तातली पातळी बहुधा नॉर्मलच असते; त्या नॉर्मल हार्मोननेच चुकीच्या जागचा थर वाढतो. शिवाय ही पातळी दिवसागणिक बदलते. एफएसएच पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाहतात, तर प्रोजेस्टेरॉन पुढच्या पाळीच्या सुमारे सात दिवस आधी. मधल्या कुठल्याही दिवशी दिलेल्या रक्तावरून फारसा अर्थ निघत नाही. पाळी अनियमित असेल तर थायरॉईड व प्रोलॅक्टिन आणि मूल राहत नसेल तर एएमएच, अशा तपासण्या डॉक्टर सांगतात. त्यांचा उद्देश वेगळा असतो. सीए-१२५ ही तपासणीही या आजाराच्या निदानासाठी पुरेशी नाही.

निदानासाठी त्रासाची सविस्तर माहिती, तपासणी आणि सोनोग्राफी महत्त्वाची, गरजेनुसार एमआरआय. सोनोग्राफीत ‘चॉकलेट सिस्ट’ दिसू शकते. मात्र काही दिसले नाही म्हणून आजार नाहीच, असेही नाही. युरोपीय तज्ज्ञ संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रत्येक रुग्णाला आधी दुर्बिणीची शस्त्रक्रिया करण्याची गरज नाही. लक्षणांवरून औषध सुरू करता येते.

हार्मोनचे औषध कसे चालते?

मेफेनॅमिक ॲसिड, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या जेवणानंतर, कळ सुरू होताच घेतल्या तर जास्त गुण येतो. पोटात अल्सर किंवा किडनीचा त्रास असल्यास त्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत. त्यांनी भागले नाही तर हार्मोन उपचार येतो. त्यात चार प्रमुख पर्याय आहेत : इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनची एकत्रित गोळी, रोज २ मिलिग्रॅम डायनोजेस्ट, गर्भाशयात बसवायची लेव्होनॉरजेस्ट्रेलची कॉपर नसलेली ‘हार्मोन तांबी’ आणि जीएनआरएच इंजेक्शन. गुण येतो की नाही हे साधारण तीन महिन्यांनी पाहिले जाते.

सगळ्यांना एकच औषध चालत नाही. रक्तात गाठी झाल्याचा इतिहास, वाढलेला रक्तदाब, डोळ्यांपुढे चमकून होणारी अर्धशिशी असल्यास एकत्रित गोळी देत नाहीत. डायनोजेस्टने अधूनमधून रक्त दिसू शकते, मनःस्थितीही बदलू शकते. जीएनआरएच इंजेक्शनने हाडे ठिसूळ होऊ शकतात, म्हणून ते मर्यादित काळ किंवा जोडीला दुसरे हार्मोन देऊन वापरतात.

हे उपचार आजार दाबून ठेवतात, मुळापासून काढत नाहीत. थांबवल्यावर दुखणे परत येऊ शकते. गोळ्यांनी कायमचे वंध्यत्व येते, हा मात्र गैरसमज आहे. मूल हवे असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगावे, कारण उपचार चालू असताना सहसा गर्भ राहत नाही.

दवाखान्यात जाताना

दोन-तीन महिन्यांची नोंद कॅलेंडरवर करून न्यावी : पाळीची तारीख, कुठे दुखले, दहापैकी किती, कोणती गोळी घेतली, कामाचे किती दिवस बुडाले. शौच, लघवी किंवा शरीरसंबंधाच्या वेळी दुखत असेल तर लाज न बाळगता सांगावे. पाळी चुकलेली असताना अचानक तीव्र कळ, चक्कर किंवा तापासह दुखणे असेल तर नोंदीची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठावा.

कर्नाटक मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये महिला कर्मचाऱ्यांसाठी महिन्याला एक दिवस पगारी मासिक पाळी रजा मंजूर केली. रजेने एक दिवस विश्रांती मिळेल. पण दर महिन्याला अंथरूण धरावे लागत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाणे टाळू नये.