वसई किल्ल्यातील पोर्तुगीज राजचिन्ह

वसई किल्ल्यातील पोर्तुगीज राजचिन्ह हे पालघर जिल्ह्यातील वसईच्या किल्ल्यात, सेंट सेबॅस्टियन या बालेकिल्ल्याच्या प्रवेशद्वारावर कोरलेले शिल्प आहे. पोर्तुगालच्या राजाची ढाल, वलयांचा गोल आणि ख्रिस्त संघाचा क्रूस अशी तीन चिन्हे तेथे आढळतात. पाहणारे बहुधा क्रूस तेवढा ओळखतात; उरलेली दोन चिन्हे नुसती नक्षी समजली जातात.

इतिहास

गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने २३ डिसेंबर १५३४ च्या तहान्वये वसई व भोवतालचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. गव्हर्नर नुनो द कुन्हा याच्या कारकिर्दीत १५३६ मध्ये किल्ल्याच्या उभारणीस आरंभ झाला. पुढे वसई हे पोर्तुगीजांच्या 'उत्तर प्रांता'चे मुख्य ठाणे बनले. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी किल्ला जिंकला. येथील चर्चमधील घंटा मराठ्यांनी देशावर नेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील व वाईजवळच्या मेणवली येथील घंटा त्यांपैकीच मानल्या जातात. राजचिन्ह मात्र जागीच राहिले. आज हा किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे.

प्रतीकार्थ

ढालीच्या मध्यभागी क्रूसाच्या आकारात मांडलेल्या पाच लहान ढाली असतात व प्रत्येकीवर पाच ठिपके असतात. परंपरेनुसार या पाच ढाली म्हणजे ख्रिस्ताच्या पाच जखमा होत. १९३९ नव्हे, ११३९ सालच्या ओरीकच्या लढाईत पहिला राजा अफोन्सो हेन्रिक याला ख्रिस्ताचे दर्शन झाले, अशी कथा त्यामागे सांगितली जाते. ही कथा लढाईनंतर फार उशिरा प्रचारात आली, त्यामुळे तिला इतिहास म्हणता येणार नाही. सभोवतालच्या किनारीवर किल्ले असतात. ही किनार तेराव्या शतकात, तिसऱ्या अफोन्सोच्या काळात आली. किल्ल्यांची संख्या आरंभी निश्चित नव्हती. कालांतराने ती सात ठरली. मूळ चिन्हात पांढऱ्या पृष्ठावर निळ्या ढाली व तांबडी किनार असते. दगडात रंग नसल्यामुळे केवळ आकारांवरूनच ओळख पटवावी लागते.

वलयांच्या गोलाला अनेक जण पृथ्वीचा गोल समजतात, ते बरोबर नाही. ते आकाशातील विषुववृत्त, क्रांतिवृत्त इत्यादी वर्तुळे दाखविणारे खगोलशास्त्रीय उपकरण आहे. पहिला मॅन्युएल (राज्यकाल १४९५–१५२१) या राजाचे हे वैयक्तिक चिन्ह होते. वास्को द गामा भारतात आला तो याच राजाच्या काळात. किल्ल्याची उभारणी सुरू झाली तेव्हा मॅन्युएलला मृत्यू येऊन पंधरा वर्षे लोटली होती, तरी सागरी सत्तेची खूण म्हणून त्याचा गोल टिकून राहिला.

ख्रिस्त संघ हा १३१९ मध्ये दिनिश राजाच्या पुढाकाराने स्थापन झालेला लढाऊ धर्मसंघ होय. टेम्पलर संघ विसर्जित झाल्यावर पोर्तुगालमधील त्याची मालमत्ता या संघाकडे आली. पोर्तुगीज गलबतांच्या शिडांवर याच संघाचा क्रूस रंगविलेला असे.

यांपैकी ढाल व वलयगोल १९११ पासून पोर्तुगालच्या राष्ट्रध्वजावर एकत्र आहेत. तो ध्वज पाहिलेल्यास वसईचे शिल्प ओळखणे सोपे जाते.