परिसर, आसमंत, पर्यावरण : काही शब्दांची चाल

परिसर, आसमंत, भोवताल, वातावरण, पर्यावरण. समानार्थी शब्दांच्या यादीत हे पाच शब्द एका ओळीत बसवले जातात आणि विद्यार्थी एकाच्या जागी दुसरा निर्धास्तपणे घालतो. समीक्षालेखनातही हेच चालते. ‘कवीचा परिसर’, ‘कवीचे पर्यावरण’ आणि ‘कवीचा भोवताल’ यांत भेद असावा अशी शंकाही कोणाला येत नाही. आम्हांला हा भेद केवळ शैलीचा वाटत नाही.

जुन्या शब्दांकडे आधी पाहू. ‘पंचक्रोशी’ म्हणजे पाच कोसांचा मुलूख. पण कोस ज्या ‘क्रोश’ शब्दातून आला त्याचा मूळ अर्थ आरोळी असा आहे. आरोळी पोचेल तेवढे अंतर तो क्रोश. ‘हाकेच्या अंतरावर’ म्हणताना आपण आजही नकळत तीच मोजणी करतो. ‘परिसर’ या शब्दात ‘सृ’ धातू आहे, म्हणजे सरणे, चालणे. भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’त गोदावरीलगतच्या डोंगराचे वर्णन करताना हा शब्द येतो, आणि तो प्रदेश राम-सीतेने हिंडून पाहिलेला आहे, हे विसरून चालणार नाही. ‘आजूबाजू’मधील ‘बाजू’ फारसीतून आलेला. तेथे त्याचा अर्थ बाहू. ‘आजू’ केवळ नादासाठी. ‘भोवताल’ हा ‘भ्रम्’ धातूच्या कुळातला. भोवणे, भोवरा, भोवळ ही त्याची भावंडे. केलेले कर्म माणसाला ‘भोवते’ तेही याच घराण्यातले. हात, हाक, पाऊल, गिरकी : या सगळ्या शब्दांत मध्यभागी एक देहधारी माणूस उभा आहे आणि त्याच्या आवाक्यावरून जग मोजले जाते आहे.

‘आसमंत’ची गोष्ट थोडी गमतीची आहे. संस्कृतात ‘आसमन्तात्’ म्हणजे सर्व बाजूंनी. त्यातील पंचमीचा ‘आत्’ मराठी कानाला सप्तमीच्या ‘आत’सारखा ऐकू आला असावा आणि त्यातून ‘आसमंत’ हे नाम सुटे झाले असावे, असा आमचा तर्क आहे. पुढे ‘आसमान’शी असलेल्या नादसाम्यामुळे अनेकजण त्याचा अर्थ आकाश असाच घेतात. शुद्धतेच्या कैवाऱ्यांना हे रुचणार नाही; आम्हांला मात्र चुकीतून वाढलेला हा शब्द प्रिय आहे.

आधुनिक काळात विज्ञानाची परिभाषा घडवताना शब्दांची घडणच बदलली. वात अधिक आवरण ते ‘वातावरण’. परि अधिक आवरण ते ‘पर्यावरण’. दोहोंच्या पोटात आवरण आहे, म्हणजे वेष्टन. वेष्टनाला आतला माणूस असलाच पाहिजे असे नाही. ‘वातावरण’ लवकरच माणसाळले. ते घरात तापू लागले, सभेत निवळू लागले. ‘पर्यावरण’ मात्र शासनाच्या दारातून आले. 1972 मध्ये स्टॉकहोम येथे संयुक्त राष्ट्रांची परिषद झाली, 1986 मध्ये आपल्याकडे पर्यावरण (संरक्षण) अधिनियम झाला. त्या अधिनियमाच्या व्याख्येत पाणी, हवा, जमीन आणि त्यांचे परस्परांशी तसेच मानव, इतर सजीव, वनस्पती, सूक्ष्मजीव व मालमत्ता यांच्याशी असलेले संबंध येतात. मानव येथे आहे, पण यादीतील एक नोंद म्हणून.

या फरकाची झळ जनसुनावणीत लागते. प्रकल्पाचा अहवाल ‘पर्यावरणावरील परिणामां’विषयी बोलतो आणि गावकरी विचारतो, ‘आमच्या शिवाराचं काय?’ अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा असा नियम आहे. पण ‘पर्यावरण’ हा शब्द मराठी असूनही त्या माणसाच्या भाषेतला असतोच असे नाही. त्याचा प्रश्न मग तांत्रिक उत्तराला पात्र ठरत नाही, ‘भावना’ म्हणून नोंदला जातो.

तथापि जुन्या शब्दांचे गोडवे गाताना सावध राहिले पाहिजे. ‘शिवार’ म्हणजे शिवेच्या आतली शेतजमीन. ज्याला जमीनच नाही त्याचे शिवार कोणते? पंचक्रोशीच्या मध्यावर उभ्या असलेल्या माणसाची हाक ऐकायला धावणारा गावकुसाबाहेरच राहत होता. दया पवारांचे ‘बलुतं’ (1978) वाचल्यानंतर ‘गावाचा परिसर’ हे शब्द पूर्वीच्या निरागसपणे उच्चारणे आम्हांला तरी जमलेले नाही. अधिनियमाची कोरडी व्याख्या निदान कोणाला कुसाबाहेर ठेवत नाही. समीक्षेत गेल्या काही दशकांत ‘भोवताल’ हे नाम एवढे का रुळले, याचे एक कारण आम्हांला येथे दिसते : त्या शब्दाला शीव नाही. ज्याची नजर फिरेल त्याचा तो भोवताल, मग तो कोठेही उभा असो.

शालेय पुस्तके करणाऱ्यांनी प्राथमिक वर्गांसाठी नाव निवडले ते ‘परिसर अभ्यास’. बालभारतीने तिसरीच्या या पुस्तकाच्या जिल्हावार आवृत्त्या काढल्या. नाशिकच्या मुलाचे पुस्तक वेगळे, पुण्याच्या मुलाचे वेगळे. आठ वर्षांच्या मुलाची पावले संपूर्ण जिल्हा काही चालत नाहीत. तरी नाव ठेवताना कोणाला तरी ‘सृ’ धातू आठवला असावा.