जुन्या लॅपटॉपमधलं विंडोज अस्सल की क्रॅक?

पेडणे : जुना लॅपटॉप घ्यायला पेडण्यातून कोणी म्हापशाला जातो, कोणी सावंतवाडीला. दुकानदार ‘विंडोज टाकून देतो’ म्हणाला की गिऱ्हाईक खूश. परवान्याचं कोणी विचारत नाही. कायदा मात्र वापरणाऱ्यालाही धरतो. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३-बी : बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्यास ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद टाळू शकतं. शिवाय क्रॅक टाकताना बहुधा अँटिव्हायरस बंद करतात, आणि मग त्याच मशीनवर नेटबँकिंग!

विंडोज १० किंवा ११ सकट विकलेल्या बहुतेक ब्रँडेड लॅपटॉपची की मदरबोर्डमध्येच असते. मूळ ‘होम’ काढून ‘प्रो’ टाकलं की ती लागू होत नाही. डेटा पेनड्राइव्हवर घ्या, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून ‘होम’ उतरवून टाका, नेट जोडा. अ‍ॅक्टिव्हेशन आपोआप होतं. की नसलीच तर उबंटू फुकट आहे.