कळतं, पण वळत का नाही?

आज एचआयव्ही आणि खलाशी यांच्याविषयी थोडं बोलू. रोग आला की संशय आधी खलाशावर घ्यायचा, ही सवय जुनी आहे.

१९५९ साली मँचेस्टरमध्ये एक तरुण विचित्र आजारानं गेला. पूर्वी तो नौदलात होता. त्याच्या जपून ठेवलेल्या ऊतींत एचआयव्ही सापडल्याचं १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. १९९५ मध्ये फेरतपासणी झाली, तेव्हा तो विषाणू बराच अलीकडचा निघाला. प्रयोगशाळेतच नमुना दूषित झाला असावा! दुसरी हकिगत मात्र खरी. नॉर्वेचा एक मुलगा पंधराव्या वर्षी जहाजावर चढला, पश्चिम आफ्रिकेच्या बंदरांत जाऊन आला. १९७६ मध्ये तो, त्याची पत्नी आणि धाकटी मुलगी, तिघंही गेली. कारण कळलं १९८८ मध्ये, जपलेल्या नमुन्यांवरून. विषाणूचा शोधच १९८३ चा; त्या मुलानं काळजी घ्यायची ती कशाची?

आता मागे, १९२४ मध्ये जाऊ. त्या वर्षी ब्रुसेल्सला एक आंतरराष्ट्रीय करार झाला. व्यापारी जहाजांवरच्या खलाशाला, तो कुठल्याही देशाचा असो, बंदरात गुप्तरोगांवर मोफत उपचार मिळावेत, असं ठरलं. पेनिसिलिन यायचं होतं. तरी एक गोष्ट ओळखली गेली होती. नुसता उपदेश पुरत नाही, उपचाराचं दार उघडं लागतं.

पुढे एचआयव्हीच्या काळात खलाशांना प्रश्नावल्या दिल्या जाऊ लागल्या: माहिती किती, दृष्टिकोन कसा, वर्तन कसं. माहिती असूनही वर्तन तसं नसेल, तर आपण म्हणतो, ‘कळतं पण वळत नाही.’ सॉक्रेटिस म्हणे, जाणूनबुजून कुणी चुकत नाही. अॅरिस्टॉटलला ते पटेना. त्यानं दोष मनाच्या दुबळेपणात शोधला. मीही वर्षानुवर्षं हेच शिकवलं.

मग एका व्याख्यानानंतर रत्नागिरीकडचे एक निवृत्त खलाशी भेटले. म्हणाले, “सर, कंडोमचं सगळं ठाऊक होतं. पण तपासणीला कोण जाणार? नाव फुटलं तर पुढचं काँट्रॅक्ट गेलं, आणि घर माझ्या पगारावर.” त्यात मनाचा दुबळेपणा कुठला? तो तर हिशेब होता.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची २०१० ची शिफारस हेच सांगते: तपासणी ऐच्छिक हवी, गोपनीय हवी, तिच्यावरून नोकरी जाता कामा नये. ती कागदावर आहे. ती पाळली जाते का, हे आधी विचारा. खलाशाला प्रश्नावली मग द्या.