रांगत्या बाळाची जागा

आपल्या चिटणीसबाईंनी मला स्मरणिकेसाठी 'काही जुनी माहिती लिहा' असे सांगितले. जुनी माहिती म्हटली की किल्ले, देवळे आणि राजे यांविषयी लिहिण्याची रीत आहे. मी मात्र रांगत्या बाळाविषयी लिहिणार आहे. बाळ रांगू लागले की त्याला त्याचे त्याला खेळायला कसे लावावे, असे आपल्या लेकीसुना हल्ली वरचेवर विचारतात. त्यांना हा प्रश्न नवा वाटतो. पण खानदेशातल्या बायकांपुढे तो निदान दीडशे वर्षे आहे, आणि एके काळी त्याचे जे उत्तर बायकांना द्यावे लागे ते ऐकून अंगावर काटा येतो.

पाळण्यातले बाळ ठेवावे तिथे राहते. सातव्याआठव्या महिन्यात ते पोटावर सरकते, मग रांगते, आणि घराची सारी मांडणीच फिरते. माझे माहेर धुळे जिल्ह्यातले. धाब्याचे घर, सारवलेली जमीन. मोठी माय ओट्यावर धान्य निवडत बसे आणि रांगते पोर समोर सोडलेले असे. चुलीच्या बाजूला पाट आडवा, उंबरठ्याशी पाण्याचा रिकामा हंडा. पोरापुढे शेराचे माप, पळी, जुनी चाळणी एवढेच. माप आपटायचे, पालथे घालायचे, त्यात हात घालायचा, यात त्याचा अर्धा तास सहज जाई. मोठी माय त्याला खेळवीत नसे, नुसती नजर ठेवी. ते मान वळवून तिला पाही आणि पुन्हा मापाकडे वळे. ती दिसेनाशी झाली की मात्र रडू.

हे सुख घरात बसती माणसे असलेल्या पोरालाच होते. शेतावर जाणारी बाई निंबाला किंवा बाभळीला झोळी बांधी. बाळ लहान आहे तोवर झोळी पुरते, रांगते झाले की ते झोळीतून बाहेर झेपावते. बांधावर विंचूकाटा, जवळ विहीर. मग सातआठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर ते दिले जाई. त्या बहिणीची शाळा तिथेच संपे. कुणी पायाला दोरी बांधून खुंटीला अडकवी. त्या बाईला दोष देण्याचे माझ्या मनात येत नाही, कारण तिला दुसरी जागाच नव्हती.

याहून कठीण हकीकत जिनमधली आहे. १८६० नंतर आगगाडी खानदेशात आली, त्याच सुमारास अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले, आणि पुढे जळगाव भागात सरकी काढण्याचे वाफेचे कारखाने उभे राहिले. त्यांत चरकावर बहुतेक बायकाच असत. १८८४-८५ साली मुंबई सरकारच्या फॅक्टरी कमिशनपुढे खानदेशातल्या या कारखान्यांची साक्ष झाली. पहाटे पाचाला सुरू झालेला कारखाना रात्री नवापर्यंत चाले, आणि हंगाम जोरात असला की त्याच बायका दिवस आणि रात्रही काम करीत, असे साक्षीत आले. ज्या बाईचा दिवस सोळा तासांचा, तिच्या रांगत्या मुलाने कुठे रांगावे? १८९१ च्या कायद्याने बायकांच्या कामाची मर्यादा दिवसाला अकरा तास झाली. मुलाच्या जागेचा विचार त्यात नव्हता.

कारखान्यात जाणाऱ्या आईच्या मुलाचे काय होते, याची नीट चौकशी मुंबईच्या गिरणगावात झाली. १९२२ च्या सुमारास डॉ. बार्न्स या बाईंनी गिरणीकामगार स्त्रियांची पाहणी केली. त्यांना आढळले की या बायकांच्या बहुतेक सर्व तान्ह्या मुलांना अफू दिली जात होती. तिला 'बाळगोळी' म्हणत. नाव किती गोड! सकाळी गोळी दिली की मूल दिवसभर गुंगीत पडे. ना रडणे, ना रांगणे, ना भूक. संध्याकाळी आई येई तेव्हा ते सुखरूप असे, पण दिवसेंदिवस वाळत जाई. १९३१ साली शाही मजूर कमिशनने आपल्या अहवालात या गोळीचा उल्लेख केला आणि कारखान्यांत पाळणाघरे हवीत असे सांगितले. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाने कायद्यात ते आले. पन्नासांहून अधिक बायका असतील तिथे त्यांच्या सहा वर्षांखालील मुलांसाठी स्वच्छ, उजेडाची खोली आणि शिकलेली बाई ठेवावी. १९७६ साली हा आकडा तिसावर आणला. कायद्याच्या पुस्तकात बाळाची जागा अशी ठरली.

जागा मिळाल्यावर तिथे मुलाने काय करावे, हे दुसऱ्याच मंडळींनी शिकवले. इटलीत मॅडम माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या गरीब वस्तीत पहिले बालगृह काढले. तिथली आईबापे कामाला जात आणि मुले चाळीच्या भिंती खराब करीत, म्हणून मालकांना त्यांची सोय हवी होती. बाईंनी पाहिले की हाताला जोगी वस्तू मिळाली की मूल कुणी न सांगता तासन्‌तास रमते. आपल्याकडे हा विचार गिजुभाई बधेका यांनी भावनगरला १९२० साली बालमंदिर काढून रुजवला. तिथे ताराबाई मोडक जाऊन मिळाल्या. त्यांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यात बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढले, आणि अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या.

मला या दोघींची एक गोष्ट फार आवडते. वस्तीतली मुले बालवाडीत येईनात. दुसऱ्या कुणी त्यांना आळशी ठरवले असते. या दोघी वस्तीत गेल्या आणि तिथल्याच अंगणात मुलांना घेऊन बसल्या. खेळायला काचेची कपाटे नव्हती, शिंपले, पाने, खडे, बिया होत्या. त्यातूनच 'अंगणवाडी' हा शब्द आला. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. कारण असे की धाकटे भावंड पाळणाघरात राहिले तरच त्याची बहीण वर्गात बसू शकते. आमच्या बांधावरच्या त्या पोरीचे दुखणे कोसबाडला बरोबर कळले होते.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारची एकात्मिक बालविकास योजना देशातल्या ३३ ठिकाणी सुरू झाली. महाराष्ट्रात मेळघाटातले धारणी आणि मुंबईची धारावी ही त्यांपैकी ठिकाणे. तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. आज जळगाव-धुळ्याच्या गावोगावी अंगणवाडी आहे. परंतु एक फट राहिली आहे. अंगणवाडीत बसतात ती तिसऱ्या वर्षापासूनची मुले. रांगत्या मुलासाठी आई घरी शिधा घेऊन येते, ते मूल तिथे बसत नाही. २०२४ साली केंद्राने जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी 'नवचेतना' हा आराखडा काढला. त्यात सेविकेने घरी येऊन आईला खेळ दाखवावेत असे आहे. हे चांगले आहे, पण त्या वेळी आई घरी असली पाहिजे.

शिकलेल्या घरांत आता वेगळेच घडते. मूल रांगते न रांगते तोच त्याला चाकांच्या गोल खुर्चीत बसवतात. आपला लाकडी पांगुळगाडा निराळा. मूल आपल्या बळाने उभे राही आणि तो ढकली. खुर्चीत मूल लोंबकळते आणि जिन्यावरून थेट खाली जाते. कॅनडा देशाने २००४ पासून या खुर्च्यांच्या विक्रीलाच बंदी केली. बुडापेस्टच्या डॉ. एमी पिकलर यांनी १९४६ पासून तिथले एक अनाथ बालगृह चालवले. त्यांचे सांगणे असे, की जे मुलाला स्वतः जमत नाही त्या स्थितीत त्याला ठेवू नये, त्याला जमिनीवर मोकळे सोडावे आणि खेळात उगाच हात घालू नये. मी हे वाचले तेव्हा मला मोठ्या मायचा ओटा आठवला.

माझा नातू नऊ महिन्यांचा आहे. स्वयंपाकघराच्या दाराशी सतरंजी, तीनच वस्तू, त्या रोज बदलायच्या, आणि मी दिसेन अशी बसायचे. पहिल्या दिवशी तो पाच मिनिटे रमला, आता भाकरी होईतो रमतो. मोठे मणी, बटणे मात्र जवळ ठेवत नाही, घशात जातात.

पण माझ्या घरी सतरंजीही आहे आणि मीही आहे. दिवाळीनंतर कापूस वेचणी लागते. आपल्या गल्लीमागच्या वस्तीतल्या बायका उजाडता निघतात, आणि चौथी-पाचवीतल्या पोरी भावंडे घेऊन ओट्यावर बसलेल्या दिसतात. आपल्या मंडळाची खोली सकाळपासून चार वाजेपर्यंत कुलपात असते. फरशी स्वच्छ आहे, नळ आहे, सतरंज्या आहेत. वेचणीचे दोन-अडीच महिने पाळीपाळीने दोघीदोघी बसायला मी आणि शेजारच्या दोन भगिनी तयार आहोत. बाकीच्यांनी आपापले वार चिटणीसबाईंकडे लिहून द्यावेत.