दिवस मोजण्याची रीत

अंबाबाईच्या करवीरात सुईणीचे गणित सणांवर चाले: घटस्थापनेस सून बाहेर बसली असेल, तर नऊ महिने नऊ दिवसांच्या हिशेबाने आषाढ शुद्ध दशमी, म्हणजे एकादशीचा आदला दिवस, ही प्रसूतीची मुदत ठरे, मात्र मध्येच अधिक मास आला, की ती दशमी महिनाभर पुढे सरके आणि तो जमेस न धरणारीची फजिती होई. शाहू छत्रपतींनी प्रसूतिशास्त्राच्या अध्ययनार्थ विलायतेस धाडलेल्या डॉ. कृष्णाबाई केळवकर ज्या अल्बर्ट एडवर्ड इस्पितळात रुग्णसेवा करीत, त्याच्या पाश्चात्त्य वैद्यकाचा हिशेब निराळा, जर्मन वैद्य नेगेले यांच्या नावाचा: शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस. सुईणीचे चांद्र नऊ महिने नऊ दिवस भरतात सुमारे २७५. अंतर अवघ्या पाच दिवसांचे!